गालीलचा कुंभार आणि हिंगोलीची हळद

धडधाकट माणसाला अर्ध्या तासात आजारी पाडणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. डोळ्यांखाली काजळी ओढायची, गालफडात तपकिरी रंग भरायचा आणि ओठांवरून सफेदा फिरवायचा, की घरचेसुद्धा धास्तावतात. त्याला पुन्हा बरं करणं तर त्याहून सोपं, असं मी आयुष्यभर समजत आलो. खोबरेल तेल आणि जुन्या धोतराचा बोळा हातात असला की झालं. ही समजूत कशी मोडली ते सांगायला हा लेख लिहितो आहे. संपादकांनी 'रंगभूषेतील माझी वाटचाल' असा भारदस्त विषय सुचवला होता. पण माझी वाटचाल म्हणजे हिंगोलीच्या एसटी स्टँडपासून जत्रा असेल त्या गावापर्यंत आणि परत, त्यात लिहिण्यासारखं फार नाही.

मी हौशी नाटकवाल्यांच्या तोंडाला रंग लावायचो. लोक मला 'मेकपवाले मामा' म्हणत, मी स्वतःला रंगभूषाकार म्हणवून घ्यायचो, आणि बायको 'पेटीवाले' म्हणायची. पेटी पत्र्याची होती. तीत सफेदा, पिवळी पिवडी, लाल हिंगूळ, काजळ आणि दाढ्यामिशांसाठी क्रेप असायचा. क्रेप म्हणजे वेणीसारखा वळलेला लोकरी केस. तो उलगडून पिंजायचा, कातरायचा आणि स्पिरिट गम नावाच्या डिंकानं हनुवटीवर चिकटवायचा. डिंक चांगला असला तर वसिष्ठ ऋषी पहाटेपर्यंत वसिष्ठ राहतात. डिंक हलका निघाला तर काय होतं ते शिरड शहापूरकडच्या एका गावात मी पाहिलं. ऐन उन्हाळ्यात रावणाच्या मिशीची डावी बाजू सुटली. तो गडी हुशार होता, त्यानं एका हातानं मिशी दाबून धरली आणि सीताहरण दुसऱ्या हातानं उरकलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याच गावचा रावण मला म्हणाला, "मामा, ते एका हातानं मिशी धरून बोलायची ढब मला बी शिकवा. लई रुबाब दिसतो." मी त्याला ती शिकवली, आणि ढब माझीच आहे असंही सांगून टाकलं.

नाटकाबाहेरची गिऱ्हाइकंही यायची. एकदा एक बाई आपल्या दिराला घेऊन आली. तिचा नवरा वारला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. दीर तोंडवळ्यानं भावावर गेलेला. त्याला भावासारखी मिशी लावा, कानशिलं पांढरी करा, आणि फोटो काढून घेऊ, असं तिचं म्हणणं. मी सगळी कला पणाला लावली. शेवटी आरसा दाखवला तेव्हा तो दीर मान खाली घालून बसून राहिला, आणि बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. त्या फोटोला हार घातलेला मी नंतर पाहिला. माझं भिंतीवर लागलेलं काम तेवढं एकच.

नाटकं कमी झाली, गॅदरिंगच्या पोरांना त्यांच्या आयाच मोबाइलवर बघून रंगवू लागल्या, नवऱ्यामुली पार्लरवाल्या पोरींनी नेल्या. पेटी माळ्यावर टाकायचा विचार चालला होता, तेवढ्यात दिवाळीनंतर सुशीला सिस्टर घरी आल्या. आखाडा बाळापूरपासून थोड्या आत असलेल्या एका गावच्या त्या राहणाऱ्या. सरकारी कुष्ठरोग विभागात त्यांची सारी नोकरी गेली. गावोगाव फिरून लोकांच्या पाठी-दंडावरचे फिके चट्टे शोधायचे, ते बधिर आहेत का ते तपासायचं आणि गोळ्या द्यायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाटक लिहिलं होतं. गावात दहावीस ख्रिस्ती घरं आणि एक लहान चर्च. दर नाताळात तिथं गोठ्याचा देखावा व्हायचा. औंदा त्याऐवजी नाटक करायचं ठरलं होतं.

"ऐतिहासिक हाय मामा. येशूच्या काळातलं," सिस्टर म्हणाल्या.

माझ्या अंगात एकदम उत्साह आला. "मग काळजी सोडा. येशूची दाढी माझ्याकडं तयार हाय. वसिष्ठाचीच, पण जराशी कातरली की बसंल."

"येशू स्टेजवर येतच न्हाई."

"काहून?"

"त्याला कोण करणार? ज्याला करावं तो वर्षभर गावात मिरवंल. आन् माझं नाटक तो निघून गेल्यावरचं हाय."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. गालीलमधल्या एका खेड्यात नाथान नावाचा कुंभार असतो. त्याला महारोग होतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे गाव त्याला वेशीबाहेर काढतं, आणि कुणी जवळ आलं की त्यानं 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडायचं. पहिला अंक या हालांचा. मध्यंतरात, म्हणजे पडद्याआड, वाटेवर येशू त्याला बरा करून पुढं निघून जातो. दुसऱ्या अंकात नाथान गावात परततो. बरा झालेल्यानं आधी याजकाला, म्हणजे तिथल्या देवळाच्या पुजाऱ्याला, अंग दाखवायचं, त्यानं शुद्ध म्हटलं की मगच घरी जायचं. याजक शुद्ध म्हणतो. पण घरी बायको दारातच थबकते. ती म्हणते, हात दाखवा. तो कोरे हात दाखवतो आणि ती आपलं बाळ त्याच्या हातात देते. नाटक संपलं.

मला गोष्ट आवडली, पण त्यात दाढ्या कमी होत्या. मी भाच्याकडून मोबाइलवर त्या काळच्या माणसांची चित्रं काढवली, तर सगळे गोरेपान आणि निळ्या डोळ्यांचे. मी सफेदा घोळायला घेतला. सिस्टर म्हणाल्या, "ती उन्हात राबणारी माणसं. आपल्या मेंढपाळावानीच असतील की." म्हणजे रंग लावायचं कामही गेलं. रोमन शिपायासाठी माझ्याकडं मोगल सरदाराचं शिरस्त्राण होतं, त्यावर झाडूचा तुरा बसवून मी रोम उभं केलं. याजकाचं काम गावातले पिठाची गिरणीवाले रहीमभाई करणार होते. त्यांची दाढी छातीपर्यंत आणि अस्सल. माझ्या पेटीतली एकही दाढी तिच्या पासंगाला पुरेना. मी तिच्यावरून नुसता कंगवा फिरवला आणि श्रेय मात्र पूर्ण घेतलं.

माझ्यासाठी खरं काम उरलं ते नाथानच्या रोगाचं. त्यावरून सिस्टरांचं आणि माझं वाजलं.

"एकच फिका चट्टा काढा. खरा रोग असाच सुरू होतो," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, मागच्या ओळीत बसणाऱ्याला फिका चट्टा दिसणार हाय व्हय? त्याला जखमा पायजेत. लाल, ओल्या."

त्यांनी नाटकाची वही मिटली. मग म्हणाल्या, "करा तुमच्या मनासारखं. पण दुसऱ्या अंकात हात कोरे पायजेत. माझं सगळं नाटक त्या हातावर उभं हाय."

हे त्या का म्हणत होत्या, तेही त्यांनीच सांगितलं. नाथान करणारा दाविद बाळापूरला चहा-भज्याचं हॉटेल चालवायचा. त्याची बायको रूथ हीच नाटकातली बायको, कारण दुसऱ्या कुणाच्या घरची बाई त्याच्यासोबत संसार मांडायला स्टेजवर येईना. दाविदचे वडील याकोब आबा यांना तरुणपणी हाच रोग झाला होता. सिस्टरांनीच त्यांना वर्षभर गोळ्या दिल्या, आणि ते पुरते बरे झाले. त्याला जमाना लोटला. पण डाव्या हाताची बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. रूथ लग्न होऊन आली आणि ती बोटं बघून हबकली. आबांचं ताट वेगळं झालं. नातू झाला, रांगायला लागला, तरी तो आबांच्या हातात एकदाही दिला गेला नव्हता.

"वाईट न्हाई ती," सिस्टर म्हणाल्या. "लेकराच्या जिवाला भिते. मी समजावून समजावून थकले. गोळ्या घेतल्या की रोग राहत न्हाई, हे तिला पाठ झालंय. पण पोरगं द्यायची येळ आली की हात मागं जातो. आबा बी मागून घेत न्हाईत. म्हणून लिहिलं हे. स्टेजवर एकदा देईल, तर घरी बी देईल."

दाविद याबद्दल काय म्हणतो, असं मी विचारलं. "तो काय म्हणणार? एकीकडं बाप, एकीकडं बायको. भजे तळतो," सिस्टर म्हणाल्या.

तालमीला गेलो तेव्हा आबांची गाठ पडली. दाविदच्या अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले, उंच, आणि जिभेला धार. मी दाविदच्या हातावर मेणाच्या जखमा बसवत होतो. आबांनी लांबूनच पाहिलं.

"रंगारीबुवा, हे काय लावून राहिले?"

"रगतपिती, आबा."

"आमच्या रोगाला एवढा रंग न्हवता. तुमचा लई भारी दिसतो. श्रीमंताचा असंल."

तिथं असलेली माणसं हसली. रूथ बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती, तीही हसली. मग बाळानं आजोबांकडं झेप घेतली, तशी ती त्याला घेऊन आत गेली. आबा बाजेच्या दोरीशी खेळत बसले. मला फार वाईट वाटलं आणि मी दुप्पट जोमानं जखमा करायला लागलो, जणू त्यानंच काही होणार होतं.

पण दाविदला घाम फार. तालमीत नाथानच्या तीन जखमा गळून पडल्या, त्यातली एक रहीमभाईंच्या दाढीत अडकली. तेव्हा मला माझी ती प्रसिद्ध कल्पना सुचली. आपला जिल्हा हळदीचा. ओली हळद वाटून तिच्यात चुना कालवला की कुंकवासारखा लाल रंग होतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तो घामानं गळणार नाही, अंगाला बाधणार नाही, आणि सगळं कसं देशी. रंग निघतो का हे बघायला मी आधी माझ्याच हातावर लावून पाहिला. तेलानं पुसला. हात पहिल्यासारखे दिसले. माझे हात सगळ्या उमेदीच्या वयात हिंगूळ-पिवडीत बुडालेले होते, त्यांच्यावर आणखी काही लागलं काय आणि न लागलं काय, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

नाताळच्या संध्याकाळी चर्चसमोर दोन ट्रॉल्या जोडून स्टेज झालं. सगळं गाव लोटलं होतं, कारण फुकटचं नाटक कुणाला नको असतं. पहिला अंक असा रंगला की मी पडद्याआड छाती फुगवून उभा होतो. कांबळ्यातून दाविदनं हात बाहेर काढले तेव्हा पुढच्या बायकांनी पदर आवरले. आबा पहिल्याच ओळीत खुर्चीवर होते. दाविद 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत वेशीबाहेर गेला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. ते ओरडणं त्यांच्यावरही कधी आलं असेल का, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

मग मध्यंतर झालं. मी तेलाचा बोळा घेऊन ऐटीत पुढं झालो. पुसलं. बोळा पांढरा राहिला आणि हात लाल. जास्त तेल घेतलं. काही नाही. कुणी तरी म्हणालं, लिंबू चोळा. लिंबू चोळलं, तसा लाल रंग झरकन पिवळा झाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आता पिवळा तेवढा साबणानं धुऊ म्हणून साबण लावला, तर तो परत लालभडक. लिंबू लावलं की कावीळ आणि साबण लावला की महारोग, असं आमचं चाललं होतं. बाहेर हार्मोनियमवाला तेच नाताळचं गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता. येशूला जे वाटेनं जाता जाता जमलं, ते मला तेल, लिंबू, साबण आणि दोन मदतनीस घेऊनही जमेना.

सिस्टर आत आल्या. त्यांनी दाविदचे हात पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "जा बाबा दाविद. जसं हाय तसं जा."

दुसरा अंक सुरू झाला. याजकाच्या वेशातल्या रहीमभाईंनी हात तपासायला घेतले आणि ते गडबडले. माणूस नेकीचा, पाच वेळचा नमाजी. लाल हाताला शुद्ध कसं म्हणावं. त्यांनी हात उलटसुलट केले, दाढी कुरवाळली आणि जाहीर केलं, "शुद्ध हाय. बराचसा." लोक हसले. पडद्याआड मी कपाळाला हात लावला, आणि कपाळही लाल झालं.

मग घराचा प्रवेश आला. रूथ दारात, कडेवर कापडाचं बाळ. तिनं विचारलं, "हात दाखवा." दाविदनं हात पुढं केले. दिव्याखाली ते पहिल्या अंकाहून जास्त लाल दिसत होते. पुढचं वाक्य होतं, 'किती निर्मळ झाले हे हात.' ते म्हणायचं कसं? रूथचे ओठ हलले आणि थांबले. लोकांना काही तरी बिनसलंय हे कळलं. हसणं बंद झालं. मी पडद्याआड देवाचं नाव घ्यायला लागलो, कुठल्या देवाचं ते आठवत नाही.

तेवढ्यात पहिल्या ओळीतून आवाज आला. आबा उठून उभे राहिले होते.

"डाग राहतो, पोरी," ते म्हणाले. "रोग जातो. डाग राहतो."

त्यांनी आपला डावा हात वर केला होता, वाकड्या बोटांचा. माझ्या माहितीत तो हात त्यांनी लोकांसमोर कधी वर केला नव्हता, तो नेहमी धोतराच्या सोग्याखाली असायचा. बऱ्याच जणांना तो नाटकातलाच भाग वाटला. रूथ दाविदकडं नाही, खाली आबांकडं पाहत राहिली. मग तिनं कापडाचं बाळ दाविदच्या लाल हातात ठेवलं. पडदा पडला, टाळ्या पडल्या. सिस्टर डोळे पुसत मला म्हणाल्या, "एवढं बरं वाक्य मला लिहायला जमलं न्हवतं."

इथं लेख संपवावा असा मोह होतो. पण त्या रात्री दाविदच्या घरी सगळे जेवायला बसलो, तेव्हा रूथनं आबांचं ताट नेहमीसारखंच वेगळं वाढलं. आबांनी ते नेहमीसारखंच घेतलं. सिस्टर आणि मी समोर बसलो होतो, आम्ही एकमेकांकडं पाहायचं टाळलं. ट्रॉल्यांवरच्या एका संध्याकाळीनं सगळं बदलतं असं मानणारा मी काही पहिलाच नाटकवाला नव्हे.

मी सिस्टरांकडं मुक्काम केला होता. सकाळी चहा होतो न होतो तोच दाविद बोलवायला आला. त्याचे हात तसेच. "मामा, नाताळची दोन दिस सुट्टी झाली, आज हॉटेल उघडायचं हाय. ह्या हातची भजी कोण खाईल?" म्हणजे मी त्याचं नाटकच नाही, धंदाही बुडवायला आलो होतो. त्याच्या अंगणात बसून मी मोठ्या वैद्याच्या थाटात सांगितलं, "बेसन, दुधावरची साय, तेल. कालवा आन् चोळा." खरं तर हे मी आदल्या रात्री झोप येईना तेव्हा जुळवलं होतं.

रूथनं परात घेतली आणि नवऱ्याचे हात पुढ्यात घेऊन चोळायला बसली. तिचे हात कोपरापर्यंत तेला-बेसनानं माखले. बाळ तिच्या पाठीशी लटकत होतं, पदर ओढत होतं. ते खाली उतरलं आणि थेट चुलीवर तापत असलेल्या पाण्याकडं रांगायला लागलं. दाविदचे हात परातीत. मी उठेपर्यंत माझे गुडघे वाजले. रूथ एकदम म्हणाली, "आबा, धरा हो त्याला. माझे हात भरलेत."

आबा बाजेवर होते. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणते की काय. मग ते उठले, चुलीजवळ गेले आणि बाळाला उचललं. बोटं धरत नव्हती, म्हणून त्यांनी त्याला दोन्ही कोपरांत असं घेतलं जसं जळतणाचा भारा घ्यावा. बाळानं क्षणभर नव्या माणसाचं तोंड न्याहाळलं आणि मग त्यांचा कान धरला. रूथनं मान वर करून पाहिलं. तिच्या तोंडावर भीती होती, ती मला स्पष्ट दिसली. पण ती उठली नाही. तिनं मान खाली घातली आणि चोळत राहिली.

दाविदच्या हातांवरची लाली तोवर फिकी गुलाबी झाली होती. त्याहून जास्त निघणार नव्हती, उरलेली आपसूक जायची ती गेली असती. आबा बाजेवर येऊन बसले होते. बाळाचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि डोळे मिटायला आले होते.

"मामा, बघा बरं," रूथनं विचारलं. "झालं का?"

मी चष्मा लावला. हात नीट बघितले. "न्हाई बाई," मी म्हणालो, "अजून बराच बाकी हाय. घाई करू नका. वर कोपरापर्यंत चोळा."

कोपरापर्यंत मी रंग लावलाच नव्हता. दाविदनं माझ्याकडं पाहिलं, बाजेकडं पाहिलं, आणि बाही वर सरकवली.